चपला मोजणारे अण्णा

आमचे मल्लिनाथअण्णा कुणाच्याही दारात गेले की आधी चपला मोजतात. घर सत्यनारायणाचं असो, बारशाचं असो नाही तर मयताचं असो. उंबऱ्याच्या अलीकडे थांबतात, उजव्या हाताचं बोट पोटाशी धरून हलकेच नाचवतात, ओठांत काहीतरी पुटपुटतात आणि आकडा पक्का झाला की मगच आत पाऊल टाकतात. नवख्या माणसाला वाटतं, म्हातारा स्तोत्र म्हणतोय. आम्हा कॉलनीवाल्यांना माहीत असतं की आत "सतरा, अठरा, एकोणीस" चाललंय. आकडा विसाच्या आत राहिला तर अण्णा गप्प बसतात. विसाला पोचला की त्यांचा चेहरा उजळतो आणि शेजारच्याला कोपरानं ढोसून ते म्हणतात, "लागू झाला की वो कायदा!"

कायदा म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाचा. जिथं वीस माणसं कामाला आहेत तिथं मालकाला तो लावावाच लागतो. कामगाराच्या पगारातून शंभराला बारा कापायचे, तेवढेच मालकानं स्वतःच्या खिशातून घालायचे आणि पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत दोन्ही मिळून भरायचे. एवढंच आहे. हे एवढंच अण्णांनी अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरी-पगाराच्या टेबलाला बसून जन्मभर केलं. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, गुडघ्यांची तेलं बदलतात. अण्णा मात्र सगळ्या सोलापूरचे टाइम ऑफिस झाले.

माझ्या चुलतभावाच्या लग्नात पंगत बसली आणि अण्णा दिसेनात. शोधत गेलो तर भटारखान्याच्या मागे केटररला भिंतीशी उभा करून विचारत होते, "वाढपी किती? आचारी किती? भांडी घासणाऱ्या बाया धरल्यात का न्हाय?" केटररला वाटलं, कुठल्या तरी खात्याचा साहेब आला. त्यानं घाबरून अण्णांच्या ताटात सात जिलब्या घातल्या. अण्णांनी त्या शांतपणे खाल्ल्या आणि म्हणाले, "गोड झाल्यात. पण सव्वीस माणसं हाईत तुजी."

दिसायला अण्णा अगदी साधे. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. हातात साडीच्या दुकानाची पिशवी, तिच्यात अर्ज. गाव मैंदर्गी, घरात कन्नड, बाहेर आमची सोलापुरी मराठी. जुळे सोलापुरात माझ्या शेजारचं बैठं घर त्यांचं. मुलगा हैदराबादला असतो. वर्षातून एकदा येतो आणि बाबांनी त्याचं पासबुक तपासलं की जातो.

अण्णांचं जग पंधरा तारखेभोवती फिरतं. आमच्याकडे बाकी सगळ्यांचं जग नळाला पाणी येण्याच्या दिवसाभोवती फिरतं, पण तो दिवस बदलतो. पंधरा तारीख बदलत नाही, म्हणून अण्णांचा तिच्यावर जीव. माझ्या बायकोनं त्यांच्याकडून एकदा पुरणाचं यंत्र आणलं. देताना ते म्हणाले, "पंधराच्या आत." होळी बावीस तारखेला होती. बिचारीनं बारा तारखेलाच पुरणपोळ्या उरकल्या.

नोकरीत असताना एकदा मालकानं हात वर केले होते म्हणे. सूत महागलं होतं, माल पडून होता. मालक म्हणाला, "या महिन्याचं पुढं बघू." अण्णांनी वाद घातला नाही. चौदा तारखेला सकाळी डबा घेऊन ते मालकाच्या केबिनबाहेर खुर्ची टाकून बसले. मालक बाहेर आला की हसून म्हणायचे, "आज चौदा हाय." मालक जेवायला निघाला, "आज चौदाच हाय." दुपारी मालक नुसता लघवीला निघाला तरी, "साहेब, अजून चौदाच हाय, वेळ हाय." संध्याकाळी मालकानं चेकवर सही केली आणि म्हणाला, "घेऊन जा, पण ही खुर्ची इथून हलव." निरोप समारंभात त्याच मालकानं अण्णांना भिंतीवरचं कॅलेंडर-घड्याळ दिलं. ते आजही अण्णांच्या घरात पंधरा तारखेला बरोबर तारीख दाखवतं. इतर दिवशी एखाद दुसरा दिवस इकडेतिकडे.

पण अण्णांचं खरं ब्रीद वेगळंच आहे. "कापलं म्हंजे भरलं न्हवं." हे वाक्य त्यांनी माझ्या मेव्हणीच्या बघण्याच्या कार्यक्रमात उच्चारलं. मुलगा पुण्याच्या एका कंपनीत, पगार मोठा, बूट त्याहून मोठे. वडीलधारे शेजारी म्हणून अण्णांना बोलावलं होतं. पोहे आले, मुलगी आली, पसंतीचा वास सुटायला लागला, आणि अण्णांनी विचारलं, "पीएफ?"

"कापतात ना काका," मुलगा म्हणाला.

"कापतात ते मला बी म्हाईत हाय. भरतात का?"

मुलगा हसला. अण्णा हसले नाहीत. "मोबाईल हाय न्हवं? उगडा की पासबुक." मुलानं भिडेखातर उघडलं. वर सरकवलं, खाली सरकवलं. हसू आधी अर्धं झालं, मग गेलंच. सात महिन्यांचं कापलं होतं, भरलं एकाही महिन्याचं नव्हतं. पुढचा तासभर नवरदेव आमच्या गॅलरीत फिरत पुण्यातल्या एकेका मित्राला फोन करत होता आणि त्याची आई आत गार पोह्यांकडे बघत होती. लग्न काही जमलं नाही. मुलानं तक्रार केली, पैसे भरून घेतले आणि अजून दर पंधरा तारखेला त्याचा अण्णांना फोन येतो. माझी मेव्हणी म्हणते, "बघायला मला आला होता, बघून गेला पासबुक."

आता मुद्द्यावर येतो, म्हणजे स्वतःवर.

माझा धंदा शाळेच्या गणवेशांचा. घराच्या तळमजल्यावर शिवणयंत्रं, वर आम्ही राहतो. हजेरीवर एकोणीस माणसं. नेमकी एकोणीस. आमच्या कर सल्लागारानं धंद्याच्या पहिल्याच वर्षी कानमंत्र दिला होता, "एकोणीसवर थांबा. विसावा माणूस लई महाग पडतो." कारण विसावा आला की फक्त विसाव्याचं नाही, सगळ्या विसांचं भरावं लागतं. आणि एकदा लागू झालं की माणसं कमी झाली तरी सुटका नाही. मी हिशेब मांडून बघितला होता. दरवर्षी एक नवी स्कूटर विकत घ्यायची आणि एकदाही तिच्यावर बसायचं नाही, असं काहीसं ते प्रकरण होतं.

म्हणून मी एकोणीसवर थांबलो होतो. आणि विसावी होती नरसम्मा.

नरसम्मा काज-बटणं करायची. घरी तेलुगू, सासरचे सगळे विणकर. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन भिवंडीला. तिचं काज असं की शाळेतलं कारटं शर्ट फाडेल पण काज फाटणार नाही. तीन वर्षं ती रोज यायची, सकाळी नऊ ते सहा, पण माझ्या हजेरीवर नव्हती. डझनावर पैसे, शनिवारी रोख. कागदावर ती नव्हतीच. तिला मी मागच्या व्हरांड्यात बसवायचो आणि चपला मागच्या हौदाजवळ काढायला सांगायचो. तिनं एकदा विचारलं, "पुढं सगळ्यांच्या हाईत की, माज्याच का मागं?" मी म्हणालो, "पुढं कुत्रं नेतं." आमच्या गल्लीत कुत्रं नाही.

कारण एकच. रोज सकाळी साडेनऊला अण्णा माझ्या फाटकाशी येऊन उभे राहायचे आणि चपला मोजायचे. "काय करलालाव मालक?" म्हणजे काय करताय, एवढं विचारायचे. मला अख्ख्या सोलापुरात मालक म्हणणारा हा एकटाच माणूस, आणि तो असा म्हणायचा की मला घाम यायचा.

"एकोणीस," मी आतूनच सांगायचो.

"दिसलालं की," ते म्हणायचे आणि जायचे.

एकदा कापडाचा एजंट आला आणि त्याचे बूट धरून वीस झाले. अण्णांनी त्याला फाटकातच गाठलं, "तुमी हितं पगारी का?" तो म्हणाला, मी पाव्हणा. अण्णांनी त्याला तिथंच बूट हातात घ्यायला लावले. "पाव्हण्याचे बूट येगळे ठेवत जावा. हिशेबाला तरास होतो." त्यानंतर मी माझ्या स्वतःच्या चपलासुद्धा वरच्या मजल्यावर ठेवायला लागलो. म्हणजे बघा, घर माझं, धंदा माझा, आणि मी अनवाणी.

मे महिन्यातली गोष्ट. गणवेशाचा हंगाम, ऊन असं की यंत्राच्या चाकाला हात लावला तर चटका बसावा. पाच दिवसांनी पाणी आलं होतं. मी हौदाचा नळ सुरू केला आणि तेवढ्यात एका शाळेच्या संस्थाचालकांचा फोन आला. त्यांना अर्ध्या विजारी पूर्ण करून हव्या होत्या, त्याच भावात. ते जमणार नाही हे पटवण्यात माझी वीस मिनिटं गेली. तोवर हौद भरला, वाहिला, पाणी बाजूच्या बोळातून पुढच्या फाटकाकडे निघालं आणि त्या पाण्यावरून नरसम्माच्या दोन चपला एकामागून एक निघाल्या. निळे पट्टे, डाव्या पट्ट्याला सेफ्टी पिन. फाटकात अण्णा उभे होते. अठरा, एकोणीस झालं होतं. चपला आल्या आणि त्यांच्या पायाशी येऊन थांबल्या.

मी धावत बाहेर आलो तेव्हा अण्णांनी त्या उचलून हातात घेतल्या होत्या. पाणी निथळत होतं.

"मालक, ह्या कुणाच्या?"

"आल्या असतील कुठून तरी पाण्याबरोबर."

"व्हय? उजनी धरणातनं आल्या असतील."

शिवणयंत्रं एकेक करत थांबली. आतून नरसम्मा आली आणि सरळ म्हणाली, "अण्णा, माज्या चपला कशाला घेतलाव?" संपलं.

अण्णा माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "हिचं आधार कार्ड म्याच दुरुस्त करून दिलंय. जन्मतारीख एक जून."

एक जून ही आमच्याकडे अर्ध्या गावाची जन्मतारीख. शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं, कधीचा? आई म्हणाली, लई पाऊस होता तवाचा. गुरुजींनी एक जून लिहून टाकली. दर एक जूनला अण्णा गल्लीत पेढे वाटतात, कारण कागदावर त्या दिवशी बारा जणांचा वाढदिवस असतो, त्यांचा स्वतःचा धरून.

"ह्या एक जूनला तिला अठ्ठेचाळीस पुरी," अण्णा म्हणाले. "पेन्शन अठ्ठावन्नाला. त्याला धा वर्सं भरावी लागतात. ह्या महिन्यात नाव चढलं तर धा भरतात. पुढं गेलं तर न्हाय. वर सा महिन्यांची सूट हाय, पण त्या सुटीवर कुणी भाकरी भाजू नये. हातात बावीस-तेवीस दिवस हाईत मालक."

सगळी माणसं दारात येऊन उभी होती. माझ्याच माणसांसमोर, माझ्याच फाटकात, माझ्या पायाखाली चिखल. मला राग आला. मी चुकलो होतो म्हणूनच जास्त आला. मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही कोण इन्स्पेक्टर लागून गेलात? दुसऱ्याच्या दारात चपला मोजता. तुमच्या घरात किती जणांना पेन्शन मिळवून दिली, ते सांगा आधी!"

मला वाटलं ते तडकतील. ते तडकले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या चपलांकडे. खिशातून रुमाल काढून त्या पुसल्या, पुढच्या रांगेत एकोणीस जोडांच्या शेवटी नीट लावल्या आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला ते आले नाहीत. मी मनात म्हणालो, सुटलो. तिसऱ्या दिवशीही आले नाहीत. चौथ्या दिवशी मला कळेना की मी साडेनऊला फाटकाकडे का बघतोय. चपला कशाही पडायला लागल्या होत्या. मीच एकदा वाकून सरळ केल्या आणि मोजल्यासुद्धा. वीस. आता नरसम्मा पुढेच काढायची.

ती एक दिवस काज करता करता म्हणाली, "मालक, अण्णा येत न्हाईत. माज्यामुळं का?"

"नाही गं."

तिनं सुई डोळ्याजवळ नेली. दोरा ओवायला तिला आता तीनदा प्रयत्न लागायचे. "ते म्हनले ते खरं का वो? धा वर्सांनी मिळंल? डोळे गेल्यावर काज कोन करनार, म्हनून इचारते. पोरीच्या दारात जायाचं न्हाय मला." मी तिच्या हातातून सुई घेतली आणि दोरा ओवून दिला. उत्तर माझ्या हातात होतं आणि ते मला महाग वाटत होतं.

पंधरा तारीख उजाडली. अण्णा फाटकातून बाहेर पडले नाहीत. त्या तारखेला ते घरात बसून राहिलेत, ही बातमी गल्लीत आजारपणासारखी पसरली. बायको मला म्हणाली, "तुम्ही बोललात ते वाईट होतं. जा आणि माफी मागा. पुरणाचं यंत्र पण द्यायचंय." ते यंत्र तिनं पुन्हा आणलं होतं. मी यंत्र घेऊन गेलो.

अण्णांच्या दारात दोन जोड असतात. एक त्यांचा, एक बायकी, करड्या रंगाचा. गौरक्का, म्हणजे अण्णांची बायको, जाऊन चार वर्षं झाली. घरात बाई आहे असं चोराला वाटावं म्हणून अण्णांनी तो जोड ठेवलाय, असं मी इतके दिवस समजत होतो. मला ती युक्ती आवडायची.

अण्णा पलंगावर बसले होते. साडीच्या दुकानाची पिशवी रिकामी, कागद समोर पसरलेले. मी यंत्र ठेवलं आणि म्हणालो, "पंधराच्या आत आणलं." ते हसले नाहीत.

"अण्णा, त्या दिवशी मी..."

"बसा की. बरोबर इचारलाव तुमी." त्यांनी कागदांतून एक जुनं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. बिडी कामगाराचं कार्ड होतं, कडा तंबाखूच्या रंगाच्या झालेल्या. "नाव वाचा."

मी वाचलं. नाव त्यांच्या आईचं होतं.

"आई कार्डाची मालकीण. बिडी वळायची ही." त्यांनी दारातल्या करड्या जोडाकडे मान हलवली. "लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सूप मांडीवर घेतलं. आमच्याकडं तशीच रीत. कार्ड सासूच्या नावावर, बोटं सुनेची. घरोघरी तेच, कुणाला गैर वाटत न्हाय. अठरा वर्सं, रोज हजार बिड्या. आणि कंपनीनं भरलं बरं का, दोनी हिस्से, येळच्या येळी. कंपनीला बोल न्हाय. सगळं आईच्या नावावर भरलं."

"आणि तुम्ही?"

"मी तिकडं कारखान्यात चारशे माणसांची नावं दुरुस्त करलालतो. कुणाचा वारस घातला न्हाय, कुणाची तारीख चुकली, संध्याकाळपातूर तेच. घरी आलो की ही म्हनायची, माजं बी एक कार्ड करा की. मी म्हनायचो, करू की, पुढच्या महिन्यात." त्यांनी कार्ड माझ्या हातातून परत घेतलं. "सगळ्यांना पंधरा तारीख सांगितली. हिला तेवडी पुढचा महिना सांगितला."

पुढचं त्यांनी भराभर सांगितलं, लवकर संपावं म्हणून सांगतात तसं. आईला अठ्ठावन्नाव्या वर्षी पैसे मिळाले, पेन्शन मिळाली. आई गेली, पेन्शन थांबली. मग गौरक्काची छाती भरायला लागली. तंबाखूची धूळ. बिडी कामगारांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या माणसानं कार्ड बघितलं आणि विचारलं, हे कुणाचं? तुमचं कुठाय? "त्याची चूक न्हाय," अण्णा म्हणाले, "कागदावर हाय तेच तो बगणार. मी बी जन्मभर तेच बगितलं. त्याच्या कागदावर हिनं एक बी बिडी वळली न्हवती."

"गौरक्का काय म्हणाल्या?"

"रिक्षात बसल्यावर म्हनली, मग मी अठरा वर्सं काय केलं?"

घड्याळ टिकटिकत होतं. बरोबर पंधरा तारीख दाखवत होतं.

"भांडली असती तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "नुसतं इचारलं. मला उत्तर आलं न्हाय. चारशे माणसांची उत्तरं देणारा मी. घरातला मालक मीच होतो की. ह्या चपला रोज दारात असायच्या. रोज ओलांडून जायचो. मोजल्या कदी न्हाईत."

त्यांच्या चपला मोजण्यावर मी किती ठिकाणी किती विनोद केले होते ते मला एकेक आठवायला लागलं. लग्नाच्या पंगतीत नक्कल करून दाखवली होती. मला माझी लाज वाटली, आणि लाज वाटली की मी बडबडतो, म्हणून मी पटकन उठलो. निघताना म्हणालो, "अण्णा, माझ्याकडे वीस आहेत."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "तीन वर्सांपासनं म्हाईत हाय. कार्ड दुरुस्तीला आली तवाच म्हनली, कुटं कामाला ते."

"मग बोलला नाहीत?"

"तुमी मोजावं म्हनून थांबलो."

त्याच दिवशी मी सल्लागाराला फोन केला. तो म्हणाला, "विचार करा." मी म्हणालो, "केला. वीस आहेत." तो म्हणाला, "एखादा कमी करा ना." मी फोन ठेवला. स्कूटरचा हिशेब पुन्हा एकदा डोक्यात आला, खोटं कशाला बोलू. दोन दिवस तोच आकडा वहीत पुन्हा पुन्हा मांडत होतो.

मग आठवडाभर अण्णा माझ्या तळमजल्यावर राहायलाच आले. नोंदणी, अर्ज, अंगठे, वारसांची नावं. मोबाईलसमोर नरसम्माचा चेहरा दाखवायचा होता. ती लाजून पदर ओढून घ्यायची आणि मोबाईल तिला नाकारायचा. अण्णा ओरडायचे, "पदर काढ की! लग्नाला न्हाय, पेन्शनला बसलीस!" चौथ्या खेपेला मोबाईलनं तिला ओळखलं. त्या दिवशी मे महिन्याची सत्तावीस तारीख होती, आणि अण्णांनी घड्याळ, मोबाईल आणि पेपर तिन्हीकडे बघून ती खात्री करून घेतली.

जूनच्या पहिल्या पगाराला नरसम्मानं दंगा केला. "मालक, माजे पैसे कापलाव! आदीच बरं होतं. चपला मागं ठेवते मी!"

अण्णा फाटकातूनच आत आले. "नरसम्मा, तुजे बारा कापले. ह्यांनी आपले बारा घातले. ह्यांचे बारा तुज्या पगारातनं काढायचे न्हाईत, तो गुन्हा हाय. एकूण चोवीस तुजेच."

तिनं बोटांवर मोजून बघितलं. मग माझ्याकडे संशयानं बघत विचारलं, "आनि ह्यांनी न्हाय भरलं तर?"

"मी हाय की," अण्णा म्हणाले आणि माझ्या कारखान्यातली खुर्ची उचलून माझ्या टेबलासमोर ठेवून बघितली.

मी तेरा तारखेलाच भरून टाकले. खुर्चीची भीती होतीच. पावती छापून अण्णांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन काढलं आणि एकेका नावावर टेकवत खाली आले. एक, दोन, तीन. घाई नाही. एकोणिसाव्याला थांबले, माझ्याकडे बघितलं. मग विसाव्यावर पेन टेकवलं आणि बराच वेळ तिथंच ठेवलं.

"मालकाचा हिस्सा?"

"भरला."

"तिचा?"

"तोही भरला. दोन दिवस आधी."

ते उठले. मला वाटलं चहा ठेवतायत. ते पावती हातात घेऊन दाराकडे गेले, गुडघ्यावर हात टेकत हळूहळू खाली बसले आणि तो करड्या रंगाचा जोड रुमालानं पुसायला लागले, नरसम्माच्या चपला पुसल्या होत्या तसाच. मग पावती त्या चपलांसमोर धरून, मी मागे उभा आहे हे विसरून, हळू आवाजात कन्नडमध्ये म्हणाले, "रोक्का कट्यार नोड."

मला कन्नड येत नाही, पण एवढं कळलं. पैसे भरलेत बघ.